मुलाच्या हाती कोणते वाद्य द्यावे?

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. दवाखान्यात नऊ वर्षांचा एक मुलगा आला. सोबत वडील आणि आजी. तक्रार पोटदुखीची. लहान मुलांच्या पोटदुखीत आम्ही डॉक्टर मंडळी आधी जंत, मग बद्धकोष्ठ, मग लघवीचा दोष असे क्रमाने शोधत जातो. मी पोट दाबून पाहिले, मऊ होते. जीभ पाहिली, पापणी ओढून पाहिली. काही सापडेना. तेवढ्यात आजी म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, एक सांगू का जी? याचं पोट मंगळवारी अन् शुक्रवारीच दुखते. बाकी दिवस मस्त हुंदडते पोट्टा."

"मंगळवारी-शुक्रवारी काय असते?" मी विचारले.

वडील जरा ओशाळले. "पेटीचा क्लास असते, सर."

मग हळूहळू सगळी हकिकत बाहेर आली. मुलाचे आजोबा गावच्या भजन मंडळात पेटी वाजवत. ते गेल्यापासून पेटी कपाटावर कापडात गुंडाळून पडली होती. नातवाने ती वाजवावी अशी वडिलांची फार इच्छा. आठ महिन्यांपासून क्लास सुरू होता. शिकवणाऱ्यांचे म्हणणे असे की, याला कानच नाही. सात मुलांत हा एकटा चुकतो, 'सा' सांगितला की भलतीच पट्टी दाबतो. हे सारे वडील सांगत होते तेव्हा मुलगा खाली मान घालून चपलेच्या पट्ट्याशी खेळत होता. आपल्याबद्दल बोलणे चालले आहे याची त्याला फारशी खबर दिसली नाही. मला ते खटकले. पण त्याविषयी पुढे सांगतो.

दरवर्षी जून महिना आला की पालक मला लसीचे, चष्म्याचे आणि टॉनिकचे विचारतात. अलीकडे त्यात एका प्रश्नाची भर पडली आहे, "डॉक्टर, याला कोणता क्लास लावू? तबला बरा की कॅसिओ?" आता मी काही संगीतातला जाणकार नाही. लहानपणी अकोल्याला सात महिने तबला शिकलो आणि बोटांवर लाकडी पट्टी खाऊन सोडून दिला, एवढीच माझी पुंजी. मात्र वाद्य वाजवायचे ते बोटांनी, मनगटाने, पाठीने, फुप्फुसाने आणि कानाने. ही सगळी मंडळी आमच्या खात्यातली. तेव्हा तेवढ्यापुरते बोलण्याचा अधिकार मी घेतो.

आधी एक भ्रम दूर केला पाहिजे. वाद्य शिकल्याने मुलगा हुशार होतो, गणितात पुढे जातो, असे पुष्कळांना वाटते. हे खूळ आले कुठून? १९९३ साली अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संशोधकांनी 'नेचर' या पत्रिकेत एक लहानसा प्रयोग छापला. ३६ कॉलेजच्या विद्यार्थ्यांना मोझार्ट या पाश्चात्त्य संगीतकाराची रचना दहा मिनिटे ऐकवली आणि लगेच आकृत्यांची कोडी घातली, तर ती त्यांना थोडी बरी सुटली. हा परिणाम जेमतेम पाव तास टिकला. यात लहान मुले नव्हती आणि वाद्य शिकणेही नव्हते. पण बातमी अशी पसरली की, १९९८ साली जॉर्जिया राज्याच्या गव्हर्नरने प्रत्येक नवजात बाळाला संगीताची ध्वनिमुद्रिका देण्यासाठी सरकारी पैसा मागितला! पुढे इतरांनी तोच प्रयोग करून पाहिला तेव्हा पुष्कळांच्या हाती काही लागले नाही.

कॅनडात २००४ साली १४४ सहा वर्षांच्या मुलांवर वर्षभर जास्त नीट पाहणी झाली. पेटीसारखे पट्ट्यांचे वाद्य किंवा गाणे शिकलेल्या मुलांची बुद्ध्यांकातील वाढ इतरांपेक्षा तीनेक गुणांनी अधिक भरली. तीन गुण म्हणजे फार नव्हे. नंतरच्या कसून केलेल्या अभ्यासांत तेवढाही फरक ठामपणे दिसला नाही. त्याच कॅनडातल्या पाहणीत काही मुलांना नाटक शिकवले होते. त्यांची बुद्धी काही विशेष वाढली नाही, पण चारचौघांत वागण्याची रीत सुधारली. तेव्हा गणित सुधारायचे असेल तर गणित शिकवावे. वाद्य शिकवायचे ते वाद्यासाठी.

पैशाचा प्रश्नही कोणीतरी विचारतोच. आपल्या अकोला जिल्ह्यातल्या मूर्तिजापूरला १९२० साली जन्मलेले वसंतराव देशपांडे लहानपणी नागपूरला शंकरराव सप्रे यांच्याकडे शिकले. एवढा मोठा गवई, पण त्यांनीही बरीच वर्षे लष्कराच्या हिशेब खात्यात नोकरी केली. आता बोला!

बसणे आणि बोटे

आता शरीराकडे येऊ. सर्वांत सोयीची म्हणून लोक पेटी निवडतात आणि त्यात चूक नाही. पट्टी दाबली की नेमका सूर निघतो, तो शोधावा लागत नाही. जाणकारांचा पेटीवर रागही याचमुळे. तिचे सूर ठरलेले, त्यात मींड नाही, बारीक श्रुती नाहीत. म्हणून १९४० साली आकाशवाणीने पेटीवर बंदी घातली, ती १९७१ पर्यंत टिकली. पण सहा-सात वर्षांच्या मुलाला पहिल्याच दिवशी खरा सूर हाती लागतो, याचे मोल मोठे आहे.

त्रास आहे तो बसण्याचा. डावा हात भात्यावर, उजवा पट्ट्यांवर आणि मान वहीकडे. मूल लहान, पेटी मोठी. मग ते एका कुशीवर कलते, डावा खांदा पुढे येतो, पाठीला पीळ पडतो. तासभर असे बसले की रात्री "आई, पाठ दुखते." उपाय फुकटचा आहे. मुलाच्या खाली चादरीची जाड घडी द्यावी, म्हणजे कोपर पट्ट्यांच्या पातळीत येईल. खांदे कानाकडे चढलेले दिसले की बैठक चुकली असे समजावे. आणि दहा-बारा किलोची पेटी मुलाला कपाटावरून काढायला लावू नये. बोट चेंगरून आलेले मूल मी पाहिले आहे.

तबल्याचेही तेच. डग्गा जड आणि उंच, मूल बुटके. थाप मारायला हात वर उचलावा लागला की मनगट आणि दंड भरून येतात. घडीवर बसवावे, नखे कापलेली असावीत. सुरुवातीला बोटांची टोके लाल होतात, त्याची काळजी नको. वीस मिनिटांनी मांडी सोडून उठवावे, दोन फेऱ्या मारू द्याव्यात. बोटे फार लवचीक असणारी, म्हणजे मागे सहज दुमडणारी काही मुले असतात. त्यांचे सांधे लवकर थकतात. त्यांना घाई करू नये. आणखी एक आपल्या उन्हाळ्याची गोष्ट. एप्रिल-मेमध्ये घरोघरी कूलर लागतात. त्या ओल्या हवेत तबल्याची पुडी सैल पडते, आवाज बसतो. मूल मग नाद काढण्यासाठी जोरात ठोकते आणि हात दुखवून घेते. तबला कूलरसमोर ठेवू नये. सुरात लावायचे काम मोठ्यांनी करावे. हातोडी मुलाच्या हाती नको.

सतार हे देखणे वाद्य. आपल्या महाराष्ट्रात मिरजेला पिढ्यान्‌पिढ्या सतारी आणि तंबोरे घडतात. २०२४ साली त्यांना भौगोलिक मानांकनही मिळाले. पण पूर्ण मापाची सतार चार फुटांच्या घरात जाते आणि आठ वर्षांच्या मुलीची उंचीच चार फूट! भोपळ्यावरून हात टाकून पडद्यांपर्यंत पोचायचे म्हणजे खांदा निखळल्यासारखा होतो. लहान मापाची मिळत असेल तर पाहावी, नाहीतर दहा-अकरा वर्षांपर्यंत थांबावे. व्हायोलिनची मात्र पाव, अर्धे, पाऊण अशी मापे मिळतात. दुकानदार "पुढे मोठा होईल" म्हणून मोठे गळ्यात मारतो. बुटाला हे चालते, व्हायोलिनला नाही. गिटार घ्यायची तर नायलॉनच्या तारांची घ्यावी, पोलादी तारा कोवळी बोटे कापतात.

कॅसिओविषयी माझी एकच तक्रार आहे. तो पलंगावर ठेवून, पोटावर पालथे पडून वाजवला जातो. टेबलावर ठेवावा. मोबाइलवर पाहून शिकणाऱ्या मुलांची मान तासन्‌तास खाली असते. मोबाइल डोळ्यांच्या पातळीला उभा करावा. आणि मूल डावखुरे असेल तर त्याला उजवे करण्याचा हट्ट धरू नये. शिकवणाऱ्यांशी आधीच बोलून घ्यावे.

बासरी आणि माझी एक चूक

फुंकीच्या वाद्यांची गोष्ट वेगळी. सहाव्या-सातव्या वर्षी पुढचे दुधाचे दात पडू लागतात. समोर खिंडार असताना बासरीची फुंक नीट बसत नाही, मूल रडकुंडीला येते. आठव्या वर्षाच्या सुमारास पुढचे दात आले की सुरुवात करावी. तीही लहान, वरच्या पट्टीच्या बासरीने. लांब बासरीची भोके लहान बोटांना पुरत नाहीत. पहिल्या काही दिवसांत जोरजोराने फुंकून चक्कर आल्यासारखे वाटते, हातांना मुंग्या येतात. भरभर श्वास सोडल्याने रक्तातला कर्बवायू कमी होतो त्याचा हा परिणाम. दोन मिनिटे थांबले की बरे वाटते. याला अशक्तपणा समजून टॉनिक मागायला येऊ नये.

आता चुकीचे सांगतो. वीसेक वर्षांपूर्वी दम्याची एक मुलगी माझ्याकडे येत असे. शाळेत बासरी शिकवायला कोणी आले होते, तिला फार हौस. आईने विचारले आणि मी सरळ सांगितले, "अजिबात नाही. छातीवर ताण येईल." मुलगी काही बोलली नाही. पुढे माझे वाचन वाढले तेव्हा कळले की, दमा औषधाने आटोक्यात असेल तर बासरी वाजवायला काहीच हरकत नाही. बासरीने दमा बरा होतो असे म्हणतात, त्याला चांगला पुरावा नाही. पण बासरीने दमा वाढतो हे तर मी नुसते मनाने ठरवले होते. ती मुलगी आता स्वतःच्या लेकराला घेऊन माझ्याकडे येते. एकदा मी तो विषय काढला. ती म्हणाली, "जाऊ द्या ना, डॉक्टर काका." तेवढेच. मला मात्र ते अजून जाचते.

तेव्हा दम्याच्या मुलाला बासरी, सनई, बिगुल यांपैकी काही शिकायचे असेल तर आधी श्वासात घ्यायचे औषध नियमित चालू आहे ना, रात्री खोकला नाही ना, हे डॉक्टरांना दाखवून घ्यावे. पंप दप्तरात असावा. मग खुशाल फुंकू द्यावे.

स्वच्छतेचे मात्र कडक पाळावे. शाळेच्या बँड पथकात एकच बिगुल चार मुलांच्या तोंडात फिरतो. सर्दी-खोकल्याच्या दिवसांत हे नको. ज्याला दोन आठवड्यांहून अधिक खोकला आहे त्याने थुंकी तपासल्याशिवाय तर मुळीच नको. आपल्याकडे क्षयरोग अजून गेलेला नाही. वाद्याच्या आत ओल राहते, तिथे बुरशी धरते. इंग्लंडमधल्या डॉक्टरांनी २०१६ साली एका बॅगपाइप वाजवणाऱ्याची हकिकत छापली आहे. वर्षानुवर्षे फुप्फुसाचा विकार वाढत जाऊन तो गृहस्थ दगावला आणि त्याच्या वाद्यात आतून बुरशी सापडली. बासरीच्या बाबतीत इतके घाबरायचे कारण नाही. वाजवून झाल्यावर आतून कोरड्या फडक्याने पुसावी आणि प्रत्येकाची स्वतःची असावी.

हातातली खंजिरी

एवढे सगळे पाहताना आपल्या घरची वस्तू आपण विसरतो. आपल्या अमरावती जिल्ह्यातल्या यावलीला १९०९ साली एका गरीब घरात जन्मलेल्या मुलाने खंजिरी हातात घेतली. ते पुढे राष्ट्रसंत तुकडोजी महाराज झाले. मोझरीला गुरुकुंज उभारले आणि १९५५ साली जपानच्या विश्वधर्म परिषदेपर्यंत ती खंजिरी घेऊन गेले. आज आपल्याकडे गावोगावी खंजिरी भजनाची मंडळे आहेत, स्पर्धा होतात, लहान मुलांचे गट असतात. पण शहरातला पालक मुलासाठी वाद्य शोधतो तेव्हा त्याच्या यादीत खंजिरी नसते. "त्याचा काय क्लास लावायचा?" असे त्याला वाटते.

डॉक्टर म्हणून विचाराल तर चार-पाच वर्षांच्या मुलासाठी याहून चांगले वाद्य मला दिसत नाही. वजनाला हलकी, मांडी घालायला नको, उभ्यानेही वाजते. एका हातात धरायची, दुसऱ्याने थाप द्यायची. ताल अंगात मुरतो आणि मूल एकटे बसत नाही, चार जणांत बसते. धरणारा हात भरून येतो तेवढा अधूनमधून खाली ठेवायला सांगावा. किंमतही माफक. सहा महिन्यांनी मूल कंटाळले तर घरात पाच-दहा हजारांची वस्तू धूळ खात पडत नाही. महागडे वाद्य घेण्याआधी तीन महिने क्लासमधल्या किंवा उसन्या वाद्यावर शिकू द्यावे, हा माझा सल्ला सर्वच वाद्यांना लागू आहे. दुकानदारांना तो आवडत नाही.

कान जपा

ढोलपथकांची हौस आता आपल्याकडेही आली आहे. गणपतीत दहा-बारा वर्षांची मुले कमरेला ढोल बांधून उभी असतात. अकोल्याला श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी गांधीग्रामहून पूर्णेचे पाणी घेऊन राजराजेश्वराकडे कावडी निघतात तेव्हाचा गजर तर सर्वांच्या परिचयाचा आहे. उत्साहाला माझा विरोध नाही, पण कानाचे गणित समजून घ्यावे. ८५ डेसिबलचा आवाज आठ तास सोसतो. त्यापुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मी होते. ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एक, आणि १०० डेसिबलला फक्त पाव तास. ढोल-ताशांच्या मधोमध किंवा डीजेच्या भिंतीसमोर उभे राहिले की शंभर केव्हाच ओलांडतात. मुलांचे कान कोवळे, त्यांना यापेक्षा कमीच बरे. आतल्या कानातल्या नाजूक पेशी एकदा मेल्या की परत उगवत नाहीत. त्यावर औषध नाही, तेल नाही, काढा नाही.

मिरवणुकीहून आल्यावर कानात कुई असा आवाज येत असेल, दडा बसल्यासारखे वाटत असेल तर तो इशारा समजावा. औषधाच्या दुकानात फोमचे बोळे मिळतात ते घालावेत. साधा कापूस पुरत नाही. लहान मुलांना ताशाच्या अगदी पुढ्यात उभे करू नये आणि भलामोठा ढोल दोन-दोन तास कमरेला नको.

दुखण्याविषयीही थोडे सांगितले पाहिजे. "हात दुखेल तेव्हाच हात तयार होतो" ही जुनी समजूत आहे आणि ती खोटी आहे. जर्मनीतला शूमान हा मोठा संगीतकार तरुणपणी पियानोवादक व्हायला निघाला होता. अति सरावाने आणि, असे सांगतात की, बोट ताणण्याच्या एका यंत्राने त्याचा उजवा हात असा बिघडला की वादन सुटले ते सुटलेच. लहान मुलाला दिवसातून दोनदा दहा-पंधरा मिनिटे पुरतात. रियाजानंतरचे दुखणे दुसऱ्या सकाळीही राहिले, रात्री झोपमोड झाली, बोटे बधिर झाली, तर वाद्य थांबवून दाखवायला आणावे.

आणि दर वेळी दोष वाद्याला देऊ नये. घसा दुखून गेल्यावर दोन-तीन आठवड्यांनी ताप आला, मनगट किंवा गुडघा सुजला, आज हा सांधा आणि उद्या तो, असे असेल तर तो सांधेताप असू शकतो आणि तो हृदयाच्या झडपा खातो. विदर्भात सिकलसेलचे रुग्ण आहेत. हातापायांत वारंवार असह्य कळा येणाऱ्या मुलाची ती तपासणी झालीच पाहिजे. "तबल्यानं हात दुखते" म्हणून घरी बाम चोळत बसलेले असे एक मूल माझ्याकडे दोन महिने उशिरा आले होते.

त्या मुलाचे काय झाले

आता त्या पेटीवाल्या मुलाकडे येतो. मी त्याच्या मागे उभा राहिलो आणि हळू आवाजात म्हणालो, "बाळा, चॉकलेट पाहिजे का?" नऊ वर्षांच्या मुलाने या प्रश्नाला उत्तर न देणे शक्य आहे का? तो चपलेशी खेळत राहिला. आजी म्हणाल्या, "लाजते तो." मी पुढे येऊन तेच विचारले. त्याने माझ्या ओठांकडे पाहिले आणि मान हलवली.

कानात बॅटरी घालून पाहिले. आधी तेल. सर्दी झाली की आजी कानात कोमट तेल घालत. ते पुसून पडदा पाहिला. मोत्यासारखा चकचकीत दिसायला हवा तो मंद, आत ओढल्यासारखा. विचारत गेलो तशी माहिती निघत गेली. तोंड उघडे ठेवून झोपतो, घोरतो, वर्षभर सर्दी, टीव्हीजवळ जाऊन बसतो, शाळेत हाक मारली की दुसऱ्या-तिसऱ्या वेळी ओ देतो. बाई म्हणतात लक्ष नसते. कान कधी दुखला नाही, वाहिला नाही, म्हणून कोणाला शंका आली नाही. ऑडिओमेट्री करवली तेव्हा दोन्ही कानांनी कमी ऐकू येत असल्याचे निघाले. पडद्यामागे चिकट द्राव साचला होता. त्याला 'ग्लू इअर' म्हणतात. क्लासमध्ये तो मागच्या ओळीत बसे. शिकवणाऱ्यांचा 'सा' त्याच्यापर्यंत पोचतच नव्हता. तो शेजारच्या मुलाचे बोट पाहून पट्टी दाबत होता.

वडील एकदम गप्प झाले. थोड्या वेळाने म्हणाले, "मी दोनदा मारलं सर त्याले, या पेटीपायी."

हा द्राव पुष्कळ मुलांत तीन महिन्यांत आपोआप ओसरतो, म्हणून आम्ही थांबलो. तेल बंद केले, शाळेत पहिल्या बाकावर बसवायला सांगितले, क्लास बंद. तीन महिन्यांनी फरक पडला नाही. मग कान-नाक-घसा तज्ज्ञांनी नाकामागची वाढलेली गाठ काढली आणि पडद्यात ग्रोमेट नावाची बारीक नळी बसवली. घरी गेल्यावर पोरगा आजीला म्हणाला, "पंखा काहून एवढा आवाज करते?" पंखा वर्षभरापासून तसाच करकरत होता.

सगळ्या मुलांचे कान असे परत येत नाहीत, हेही सांगितले पाहिजे. पण कायमचे कमी ऐकू येणाऱ्या मुलालाही वाद्यापासून तोडू नये. स्कॉटलंडच्या एव्हलिन ग्लेनी या बाईंचे ऐकणे बाराव्या वर्षापर्यंत बहुतेक गेले होते. त्या जगभर तालवाद्ये वाजवत फिरल्या, अनवाणी पायांनी कंप ओळखत. आपल्या अमरावतीत १९३२ साली जन्मलेल्या सुरेश भटांना अगदी लहानपणी पोलिओ झाला, पाय अधू झाला. पण गाणे त्यांच्या गझलेतून कधी सुटले नाही. तपासणी मात्र लवकर व्हावी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके २०१३ पासून अंगणवाड्यांत आणि सरकारी शाळांत येतात आणि त्यांच्या तपासणीत कानही असतो. पथक येईल त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नये. क्लास लावण्याआधी घरीही एक करून पाहता येते. मुलाच्या मागे तीन-चार पावलांवर उभे राहून, एक कान त्यालाच बोटाने बंद करायला लावून, हळू आवाजात दोन-तीन आकडे सांगावेत. त्याने ते म्हणून दाखवावेत. मग दुसरा कान. चुकले तर आधी डॉक्टर, मग पेटी.

ऑपरेशननंतर वडिलांनी पुन्हा पेटीचा विषय काढला तेव्हा मुलगा रडला. मी मध्ये पडलो. म्हटले, त्यालाच विचारा. तो म्हणाला, खंजिरी. गावी गेला की भजनात तो मोठ्यांच्या मांडीला मांडी लावून बसे. काही नीट ऐकू येत नसतानाही खंजिरीची थाप हातात कळायची, असे त्याने आपल्या भाषेत सांगितले. वडिलांचा चेहरा उतरला. "खंजिरीची काही परीक्षा असते का जी?" असे त्यांनी मला बाजूला घेऊन विचारले. आजोबांची पेटी आता त्या भजन मंडळात आहे. आजींनी ती स्वतः नेऊन दिली, मुलाला न विचारता. घरात यावरून दोन दिवस अबोला होता, असे ऐकतो.

परवा ते तिघे आले होते, ग्रोमेट दाखवायला. नळी जागेवर होती. मी बजावले की, नळी आहे तोवर विहिरीत बुडी मारायची नाही, कानात तेल तर नाहीच नाही. आजींनी मान डोलावली. मुलाने सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "अन् दिंडीत वाजवलं तर चालते का?"

चालते म्हटले. ताशापासून लांब राहून.